इथे दान मिळत नाही

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, जिन्याजवळच्या पहिल्या दारावर, नावाच्या पाटीच्या जागी शाळेतली दगडी पाटी टांगलेली असे. तिच्यावर खडूने लिहिलेलं होतं: ‘इथे दान मिळत नाही, घेतलंही जात नाही. खाट, खुर्ची, वॉकर हवा असेल तर बेल वाजवा.’ खडू पुसट झाला की शेवंता सिस्टर तो पुन्हा गिरवत. अक्षर भयंकर. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावरच्या अक्षरावरून पोरांना ओरडले, मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलं, “सिस्टर, द्या इकडे, मी नीट लिहून देते.”

“अक्षर नीट काढाल हो, बाई,” त्या म्हणाल्या, “पण हळूच त्यात ‘कृपया’ घालाल. नको.”

खरंच घातलं असतं. मी दुसऱ्या मजल्यावरची, कुणाशी वाकडं न घेणारी बाई. दिवाळीला जुन्या साड्या अनाथाश्रमात नेऊन देणारी. मत कुणाला दिलं ते नवऱ्यालाही न सांगणारी. आयुष्यभर तळ्यात-मळ्यात केलं आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणत आले. सिस्टरना हे पहिल्या दिवसापासून दिसलेलं होतं, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही.

कराडजवळच्या कुठल्याशा खेड्यातून त्या नर्सिंग शिकायला ठाण्याला आल्या आणि तिथल्याच एका सरकारी दवाखान्यात निवृत्त झाल्या. नवरा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. घर मात्र डोंबिवलीत, मानपाडा रोडच्या आत, कारण तेव्हा तिथेच परवडलं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याजवळ पदराला पिनेने उलटं लावलेलं नर्सचं घड्याळ. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ते घड्याळ उतरलं नाही. बोलणं आमच्यासारखंच शहरी झालेलं, पण संताप आला की ‘नाही’चं ‘न्हाय’ होई, आणि मग समोरच्याने गप्प बसावं हे उत्तम.

राजकारण लाल. नर्सेसच्या युनियनच्या कामापायी नोकरीतून दोनदा निलंबित झालेल्या, आणि ते दोन्ही कागद त्यांनी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलेले, देवाच्या फोटोच्या जागी. निवडणुकीत त्यांचा उमेदवार उभा राही आणि नेमाने पडे. निकालाच्या दिवशी त्या भरपूर तूप घालून शिरा करत आणि साऱ्या मजल्यांवर वाटत. “हरलो म्हणून गोड खायचं न्हाय, असं कुठं लिहिलंय?”

दान या शब्दाचा त्यांना राग होता. साधासुधा नव्हे, अंगावर येणारा. कुणी डोळ्यांत पाणी आणून म्हणालं, “सिस्टर, त्या म्हाताऱ्याला बघून इतकी दया आली,” की त्या म्हणत, “दया आली का? मग आधी हात धुऊन या.” त्यांचं म्हणणं असं, की दवाखाना, औषध, खाट हा माणसाचा हक्क. तो द्यायचं काम सरकारचं. ते सरकार करत नाही म्हणून त्याच्याशी भांडायचं. आणि भांडण निकालात निघेपर्यंत पेशंटला जमिनीवर झोपवायचं नाही, म्हणून आपण खाटा पुरवायच्या. दोन्ही कामं एकाच वेळी. त्यामुळे त्यांच्या घरात एका भिंतीला मोर्च्याचे फलक उभे असत आणि दुसऱ्या भिंतीला वॉकर. हॉल इतका भरलेला की त्या स्वतः स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपत.

हे सुरू झालं ते नवऱ्याच्या आजारपणात. त्यांनी हॉस्पिटलची एक लोखंडी खाट आणली होती, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येणारी. नवरा गेला, खाट उरली. शेजारी म्हणाले विकून टाका, कुणी म्हणालं देवळाला देऊन टाका. सिस्टरनी तिसरंच केलं. नर्सचा एक नियम असतो: पुढच्या पाळीची नर्स आली, तिला वॉर्डभर फिरवून प्रत्येक पेशंटचं सगळं सांगितलं, तिने ‘घेतला चार्ज’ म्हटलं, की मगच घरी जायचं. सिस्टरनी तो नियम खाटेला लावला. ज्याच्या घरी खाट मोकळी होईल त्याने ती परत आणून द्यायची नाही. सिस्टर पुढच्या पेशंटचा पत्ता देत. घरच्या माणसाने स्वतः खाट तिथे न्यायची, जोडायची, हँडल कसं फिरवायचं, चादर कशी घालायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून किती वेळाने कूस बदलायची, ते सगळं त्या घरच्यांना समजावायचं, आणि ‘घेतला चार्ज’ ऐकूनच निघायचं. माणूस पाठवलेला चालत नसे. टेम्पोवाल्याबरोबर चिठ्ठी तर नाहीच नाही.

“ज्याने घेतलं तोच देणारा झाला की त्याची मान खाली राहत नाही,” त्या म्हणत. “आभार मानायला कुणाचं तोंडच सापडत नाही, बघा.”

आता करंदीकरांविषयी सांगायला हवं, कारण सिस्टर आठवायच्या म्हटलं की समोर करंदीकर हवेतच. ते पहिल्या मजल्यावरचे. कपाळाला गंध, इस्त्रीचा सदरा, पुस्तकातलं मराठी. विचारांनी पक्के भगवे, आणि निवडणुकीत मतदारयादी घेऊन घरोघर फिरणारे बिनपगारी कार्यकर्ते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे एकदा संप झाला तेव्हा युनियनच्या साळवींनी त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये घेराव घातला होता. चहा दिला, बिस्किटं दिली, फक्त लघवीला जाऊ दिलं नाही. या गोष्टीला तीस वर्षं झाली होती, तरी करंदीकर ती कालच घडल्यासारखी सांगत आणि सांगताना मांडी बदलत.

सोसायटीच्या गेटजवळ एक सिमेंटचा बाक आहे. रोज साडेपाचला हे दोघे तिथे बसून भांडत. एकदा विषय निघाला, देतं कोण जास्त, डावे की उजवे. करंदीकर म्हणाले, “सिस्टर, राग मानू नका, पण तुमची मंडळी सगळं सरकारच्या खिशातून देतात. आमची स्वतःच्या. वसतिगृहाला दरमहा तांदूळ कोण पाठवतं? रक्तदानाला रांगा कुणाच्या?”

मला वाटलं, आता बाक पेटणार. सिस्टरनी घड्याळाची पिन नीट केली. मग म्हणाल्या, “खरं आहे. आमचे मोर्च्याला शंभर येतात. खाट उचलायला बोलावलं की दोन येतात, त्यातल्या एकाची पाठ दुखते.”

करंदीकर इतके खूश झाले की उठून निघालेच, पुढचं ऐकायला नको म्हणून. सिस्टरनी सदऱ्याला धरून खाली बसवलं. “पुढचं ऐका. तुमचे देतात, पण वरून खाली देतात. तांदूळ पाठवता, कधी त्या पोरांच्या पंगतीत जेवलात?”

“उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, अशी आमची शिकवण आहे,” करंदीकर म्हणाले.

“इथं डाव्या हातालाच खाट उचलायची असते. कळल्याशिवाय कसं चालंल?”

करंदीकरांच्या पत्नीला, विमलकाकूंना, अर्धांगवायू झाला तेव्हा ती पहिली खाट सिस्टरनीच, ती तेव्हा ज्यांच्याकडे होती त्या घरच्यांना घेऊन, त्यांच्याकडे पोचवली. विमलकाकू त्या खाटेवर आठ महिने होत्या. सिस्टर रोज सकाळी वर जाऊन त्यांना पुसून, पावडर लावून, वेणी घालून देत. काकूंच्या पाठीला एकही जखम झाली नाही. काकू गेल्यावर करंदीकर एका पाकिटासह खाली आले. पाकीट सिस्टरनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पत्ता दिला.

पत्ता साळवींचा होता. साळवी घरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं.

“हे तुम्ही मुद्दाम केलंत,” करंदीकर म्हणाले.

“रांगेत पुढचा तोच आहे. यादी बघा.”

“मी टेम्पोचे पैसे देतो, मुलगा जाईल.”

“काकूंची खाट कशी जोडायची ते त्याला येतं? कूस किती वाजता बदलायची ते माहितीये? न्हाय. तुम्ही जायचं.”

करंदीकर गेले. चार तासांनी परत आले आणि थेट बाकावर येऊन बसले. आम्ही दोघी वाटच बघत होतो. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने घाम पुसला. मग एकदम म्हणाले, “दारातून आत पाऊल टाकलं. तो पडलेला, हालता येत नाही. आणि मला पाहून पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? ‘या साहेब. संडास त्या बाजूला आहे, आधी जाऊन या.’”

सिस्टर पोट धरून हसल्या. करंदीकर हसले नाहीत, पण त्यांनी ती घेरावाची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. त्यांनी पाना घेऊन स्वतः खाट जोडली होती, हँडलला तेल घातलं होतं, आणि नंतरही दर पंधरवड्याला तेल घालायला म्हणून ते जात राहिले. इतकं तेल कुठल्याच हँडलला लागत नाही.

हे असंच चाललं असतं. पण मग भाऊ आले.

भाऊ म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, करंदीकरांच्याच पक्षाचे. नाव सांगायची गरज नाही, रस्त्याच्या दर खांबावर ते हसत असत. चार माणसं आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते एका सकाळी सिस्टरच्या हॉलमध्ये शिरले. बसायला जागा अशी नव्हतीच, तेव्हा ते समोर दिसली त्या खुर्चीवर बसले. ती कमोडची होती, झाकण लावलेली. खोलीत सोसायटीतले आम्ही सातआठ जण होतो. कुणीच सांगितलं नाही.

भाऊंचं बोलणं सरळ होतं. मेन रोडवर त्यांचा एक गाळा रिकामा आहे, शटरसकट, लाइटसकट. तो सिस्टरनी वापरावा. शिवाय पन्नास नव्या कोऱ्या व्हीलचेअर. एक बरोबर आणलेलीच होती. तिच्या पाठीच्या कापडावर बाहेरच्या बाजूने भाऊंचा फोटो छापलेला, हात जोडून हसणारा.

सिस्टरनी खुर्ची फिरवून बघितली. चाकं, ब्रेक, पायपट्ट्या. “माल चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “फोटो पाठीवर कशाला? पेशंटला पाठीत डोळे नसतात.”

“अहो सिस्टर, मागून ढकलणाऱ्याला दिसतो ना,” भाऊ हसून म्हणाले. माणूस मनमोकळा, हे कबूल केलं पाहिजे.

“म्हणजे मत ढकलणाऱ्याचं. पेशंट गेला तरी चालेल.”

भाऊ तरीही हसले आणि विचार करा म्हणून गेले. विचार आम्ही तिथल्या तिथे केला. हात वर करून मतं घेतली. सिस्टर सोडून सगळ्यांचे हात वर. माझाही होता. सगळ्यात आधी नव्हता, पण होता. मला त्या ओट्याखाली झोपणाऱ्या बाईची काळजी वाटत होती, असं मी स्वतःला सांगितलं.

“बहुमत तुमचं,” सिस्टर म्हणाल्या. “घर माझं. फोटोची खुर्ची या दारातून चार्जवर जाणार न्हाय.”

करंदीकर उभे राहिले. इतके चिडलेले ते मला घेरावाच्या गोष्टीतही कधी वाटले नव्हते. “हा निव्वळ अहंकार आहे, सिस्टर! कुणी देतोय, पण देणारा तुम्हाला आवडत नाही. म्हणून रोग्याने रांगत जायचं? तुमच्या तत्त्वाची किंमत रोग्याने मोजायची?”

सिस्टर फक्त म्हणाल्या, “आजारी माणसाला कुणाचं उपकाराचं ओझं पाठीला बांधून चालवायचं न्हाय मला.” पण आवाज खाली गेलेला होता.

करंदीकरांनी त्याच आठवड्यात भाऊंच्या गाळ्याचं काम हाती घेतलं. किल्ली त्यांच्याकडे आली. त्यांनी केंद्र उत्तम चालवलं, यात वाद नाही. सकाळी नऊला शटर वर, खुर्च्या पुसून लखलखीत, कुणाला जात-पात-पक्ष विचारला नाही. शेकडो लोकांची सोय झाली असेल. फक्त तिथे चार्ज नव्हता. माणूस येई, सही करी, खुर्ची नेई, काम झालं की आणून टाकी. दिवाळीला भाऊंच्या ऑफिसातून त्या सगळ्यांना मेसेज गेला.

बाक मात्र ओस पडला. साडेपाचला सिस्टर एकट्याच येऊन बसत, आणि करंदीकर मागच्या गेटने आत जात. आठनऊ महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोघांशी बोलत होते, म्हणजे कुणाशीच नीट नाही.

मधल्या काळात साळवींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस, आणि पायात बळ नाही. सिस्टरच्या चारही खुर्च्या बाहेर होत्या. त्या म्हणाल्या आठवडाभर थांब. साळवी म्हणाले, “सिस्टर, आपलं रक्त थांबत नाय ना,” आणि मुलाला पाठवून भाऊंची खुर्ची आणली. जन्मभर लाल बावटा घेऊन फिरलेला कॉम्रेड भाऊंच्या हसऱ्या फोटोला टेकून बसलेला, असं चित्र मोबाइलवर सगळ्या डोंबिवलीत फिरलं. साळवी शरमले. सिस्टर त्यांच्याकडे गेल्या, खुर्चीचा ब्रेक तपासला आणि म्हणाल्या, “टोचतंय का पाठीला?”

“नाय.”

“मग बस. लाज वाटायची तर मला वाटू दे. माझ्याकडं खुर्ची नव्हती.”

आणि निवडणूक लागली. आचारसंहिता म्हटलं की आमच्याकडे एक मजा होते. रस्त्यावरचे सगळे हसरे चेहरे एका दिवसात वर्तमानपत्राच्या कागदाखाली, गोणपाटाखाली जातात. बाकावर ‘सौजन्याने’ लिहिलेलं असेल तर त्यावरही चुना फासतात. भाऊंच्या ऑफिसात घबराट झाली. पन्नास खुर्च्या घरोघरी, प्रत्येकीवर फोटो; विरोधकांनी एक तक्रार केली की संपलं. फर्मान निघालं: सगळ्या खुर्च्या गोळा करा, गाळ्यात ठेवा, निकालापर्यंत शटर बंद.

त्या दिवशी सकाळी सिस्टरनी मला हाक मारली. “बाई, चला. साळवीला कल्याणला न्यायचंय, पोरगा कामावर गेलाय. रिक्षात बसवताना हात लावायला कुणीतरी पाहिजे.” मी आजवर कधी कशाला हात लावला नव्हता. पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

साळवींची खोली मानपाड्याच्या आतल्या बाजूला, कारखान्यांच्या मागे. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं, रिक्षा उभीच होती, आणि तेवढ्यात टेम्पो आला. टेम्पोतून करंदीकर उतरले, मागे भाऊंची दोन माणसं. करंदीकरांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“साळवी,” ते म्हणाले, “खुर्ची न्यायला आलोय. निकालापर्यंतच. मी वेगळी काहीतरी सोय...”

“आज डायलिसिस आहे त्याचं,” सिस्टर म्हणाल्या. आठनऊ महिन्यांनंतर हे पहिलं वाक्य. “कल्याणला रिक्षातून उतरल्यावर वरच्या मजल्यापर्यंत काय तुम्ही कडेवर नेणार?”

“मला हे आवडतंय असं वाटतं तुम्हाला? पन्नास घरी मी स्वतः फोन केलेत कालपासून. लोक काय काय बोललेत ते माझं मला माहीत. पण वरून आदेश आहे. नियम आहे.”

“नियम वाचलाय तुम्ही?”

करंदीकरांनी टेम्पोकडे बघितलं.

“आचारसंहितेत काय झाकायचं असतं?”

“फोटो.”

“खुर्ची झाका, असं म्हटलंय कुठं?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, जखमेवर लावायची ती रुंद पांढरी. दातांनी टर्रकन तोडली आणि पहिली पट्टी भाऊंच्या कपाळावर बसवली. दुसरी डोळ्यांवर. तिसरी त्या हसऱ्या दातांवर. वॉर्डात एखाद्याचं डोकं बांधावं तितक्या निगुतीने, कडा अंगठ्याने दाबत, कुठे सुरकुती राहू न देता. जोडलेले हात तेवढे उघडे ठेवले. “हात राहू देत,” त्या म्हणाल्या. “हात काय, कुणाचेही असतात.”

भाऊंच्या माणसांपैकी एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. “काका, हे भाऊंना दाखवलं तर?” तो करंदीकरांना म्हणाला.

करंदीकर त्या पट्टी बांधलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत. पक्ष त्यांनी तरुणपणापासून धरलेला. त्या गाळ्याची किल्ली ही उतारवयात त्यांना मिळालेली पहिली मोठी जबाबदारी होती. हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. सिस्टर पट्टीच्या कडा दाबत राहिल्या. खुर्चीतून साळवीच म्हणाले, “साहेब, आज घेराव नाय. जायचं तर जा.”

करंदीकरांनी सदऱ्याच्या गळ्यात हात घातला आणि जानव्याला अडकवलेली गाळ्याची किल्ली बाहेर काढली.

“एवढं रीळ पुरायचं नाही,” ते म्हणाले. “गोळा केलेल्या पस्तीस गाळ्यात आहेत. वाटेत औषधाच्या दुकानात थांबावं लागेल.” मग मोबाइलवाल्याकडे वळून, “आणि बाळा, काढतोच आहेस तर नीट काढ. माझा चेहरा दिसू दे. तो झाकायचा नाही.”

“आधी साळवी,” सिस्टर म्हणाल्या. “मग चेहरे.”

साळवींना कल्याणला पोचवून आम्ही त्या दुपारी भाऊंच्या गाळ्यात जमिनीवर बसलो आणि पस्तीस वेळा भाऊंच्या तोंडाला पट्टी बांधली. करंदीकर कात्रीने तुकडे करत, सिस्टर लावत, मी कडा दाबत. माझ्या अंगठ्याला फोड आला. घरोघरची माणसं रात्रीपर्यंत येऊन खुर्च्या परत घेऊन गेली, आणि या वेळी प्रत्येकाला सिस्टरनी चार्जचा नियम सांगितला. भाऊंचा फोन आला तेव्हा गाळ्यात शटर सोडून परत मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. करंदीकरांकडून किल्ली गेली. मतदारयादीही गेली. त्या निवडणुकीत त्यांना कुणी साधं सभेलाही बोलावलं नाही.

भाऊ निवडून आले. खुर्च्यांमुळे नव्हे की पट्ट्यांमुळे नव्हे, ते येणारच होते. निकालाच्या दिवशी साडेपाचला करंदीकर पुढच्या गेटने आले आणि बाकावर बसले.

“तुमचा गैरसमज नको,” ते म्हणाले. “मत मी त्यांनाच दिलं.”

“माहीत आहे,” सिस्टर म्हणाल्या. “मी माझ्याला दिलं. पडला. शिरा खा.”

गेल्या वर्षी सिस्टर आजारी पडल्या. मणक्यात काहीतरी होतं, ते पसरत गेलं. खाट लागणार हे उघड होतं, आणि उघड होतं म्हणूनच भांडण झालं. यादीत दोन नावं त्यांच्या आधी होती. त्यांनी रांग मोडू दिली नाही. बारा दिवस त्या स्वतःच्या घरात जमिनीवर गादी घालून पडल्या. करंदीकर विकत खाट घेऊन आले, ती त्यांनी दारातूनच यादीतल्या पहिल्या माणसाकडे पाठवली. “माणूस आहात की दगड?” करंदीकर ओरडले. “दगड रांगेत उभा राहत न्हाय,” आतून उत्तर आलं.

तेराव्या दिवशी खाट आली. ती नेमकी पहिलीच, सिस्टरच्या नवऱ्याची, विमलकाकूंची, साळवींची. कुठकुठच्या घरांतून फिरून शीळफाट्याहून आली होती. ती घेऊन आलेली बाई काळ्या बुरख्यातली, चाळिशीची, सासरे नुकतेच गेलेले. तिने मुलाला हाताशी घेऊन खाट जोडली आणि गादीवरच्या म्हातारीला सगळं समजावू लागली. “आंटी, ये हँडल उलटा मत घुमाना, अटकता है। और दो-दो घंटे में करवट बदलना, भूलना नहीं। और जब आपका हो जाए ना, तो खुद जाके देना अगले को। चार्ज बोलते हैं उसको। रूल है।”

“किसका रूल?” सिस्टरनी विचारलं.

“पता नहीं। कोई सिस्टर थी पहले।”

मी तोंड उघडणार होते. सिस्टरनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. “घेतला चार्ज,” त्या म्हणाल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिलं नाही. ती बाई गेल्यावर म्हणाल्या, “बघितलंत? ‘थी’ म्हणाली. म्हणजे आता माझ्यावाचून चालतंय.” मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही मला हात धुवायला पाठवलं नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी त्यांना श्वास लागला. हॉस्पिटलमध्ये न्यायचं ठरलं, ॲम्ब्युलन्स गेटात आली. दोन माणसांनी त्यांना खाटेवरून स्ट्रेचरवर घेतलं, घरीच लावलेल्या सलाइनची सुई हाताला तशीच होती. त्या धापा टाकत होत्या, पण नजर खाटेवर.

“खाट मोकळी झाली,” त्या मला म्हणाल्या. “यादी उशीखाली आहे. पुढचा पेशंट ठाकुर्लीचा. आजच न्यायची.”

“सिस्टर, तुम्ही परत येणार आहात. तोवर राहू दे ना.”

“आले तर नंबर लावीन.” त्यांनी घड्याळाची पिन चाचपली, वेळ बघितली. “बाई, किती वाजता कूस बदलायची ते सांगाल ना त्यांना?”

“दर दोन तासांनी.”

“हँडल?”

“उलटं फिरवायचं नाही. अडकतं.”

त्या माझ्याकडे बघत थांबल्या. स्ट्रेचर उचलणारेही थांबले. काय राहिलंय ते मला उशिरा कळलं.

“घेतला चार्ज,” मी म्हटलं.

मग त्यांनी मान हलवली आणि स्ट्रेचर निघालं. करंदीकर पाना घेऊन दारातच उभे होते, खाट सोडवायला. बाकावरून, गेटमधून, सगळी बिल्डिंग बघत होती. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार लावायच्या आधी सिस्टरनी आतून उजवा हात वर केला, मूठ आवळून, मोर्च्यात करत तसा, सुईच्या पट्टीसकट. करंदीकरांना ती मूठ जन्मभर आवडली नव्हती. ते पाना टाकून गाडीच्या मागे धावले आणि ओरडले, “सिस्टर, हात खाली ठेवा, सुई निघेल!”

त्यांनी ठेवला नाही.